घरटी पळीभर अंधार

धुळ्याच्या देवपूर भागात आमच्या घरामागे जेमतेम दहा बाय पंधरा फुटांचं परसदार आहे. कढीपत्त्याचं एक झाड, धुण्याचा दगड, कपडे वाळत घालायची तार आणि पाण्याची टाकी, एवढाच त्याचा संसार. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी जळगावहून भाचा आला. पाठीवर सॅक, हातात लांबडी पिशवी. चहा पिता पिता म्हणाला, ‘‘मामू, आजची रात्र तुमचं परसदार मला द्या. मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचाय. आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीला कुलूप असतं.’’

मी कविता करणारा माणूस. मेघ म्हटलं की मला आषाढ आठवतो. डिसेंबरच्या कोरड्या ठणठणीत रात्री हा पोरगा कुठला मेघ शोधतोय, हे काही मला कळेना. तो हसला. म्हणाला, ‘‘हा पावसाचा नाही, मामू. हा वायूचा ढग आहे. याच्या पोटात तारे जन्मतात.’’

मृग नक्षत्र तसं माझ्या ओळखीचं. लहानपणी आम्ही पारोळ्याला राहत होतो. घराला धाबं होतं. रमजानचा चंद्र बघायला वडील मला त्याच धाब्यावर घेऊन जायचे आणि चंद्र दिसला की पुढची दहा मिनिटं आकाश आम्हा पोरांचं असायचं. आमची दादी चार ताऱ्यांच्या चौकोनात अडकलेल्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणायची. थंडीत रब्बीला पाणी भरायला जाणारे लोक तिकांडं किती वर आलं यावरून रात्रीचा अंदाज घ्यायचे. पंचांगातला मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो आणि आपण पेरणीच्या गोष्टी करायला लागतो. पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिसत नाही. दिसतं ते थंडीत. चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि मागे लखलखणारा व्याध. त्या बाणाच्या जरा खाली तीन अंधूक ताऱ्यांची एक बारीक ओळ आहे. तिच्यातला मधला तारा नीट पाहिला तर किंचित पुसट वाटतो, कुणी ओल्या बोटानं फिसकटल्यासारखा. तोच भाच्याचा मेघ.

त्यानं धुण्याच्या दगडाशेजारी तिपाई उभी केली. तिच्यावर घड्याळासारखं एक यंत्र, त्यावर जुना कॅमेरा. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. ते यंत्र कॅमेऱ्याला त्याच गतीनं फिरवतं, नाहीतर फोटोत ताऱ्यांच्या रेघा उमटतात. त्यासाठी यंत्राचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. धुळ्याचं अक्षांश एकवीसच्या आसपास, म्हणून ध्रुव इथं क्षितिजापासून साधारण एकवीस अंशांवर असतो. तो त्यानं शेजारच्या टाकीच्या कडेवरून हेरला. मग तीस-तीस सेकंदांचे फोटो सुरू झाले.

अर्ध्या तासानं त्यानं मला कॅमेऱ्याची पाटी दाखवली. सगळीकडे दूध सांडल्यासारखं झालं होतं. कारण भिंतीपलीकडेच होतं. शेजारच्या मावशींच्या मागच्या दारावर एक पांढराशुभ्र दिवा रात्रभर जळतो आणि त्याचा निम्मा उजेड आभाळात जातो. मावशी शाळकरी नातीबरोबर राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे चोरी झाली, तेव्हापासून तो दिवा आहे. मी भिंतीवरून हाक मारली आणि तासभर दिवा बंद कराल का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, अंधार झाला की मला झोप लागत नाही. तुमच्या फोटोसाठी मी जागत बसू का?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्यानं निमूटपणे सामान आवरलं. झोपताना मात्र त्यानं विचारलं, ‘‘मामू, तुम्ही बी.ए.ला इतिहास घेतला होता ना? आपल्याकडे हे आधी कुणी केलंय का?’’

मी काही दिवस पुस्तकं चाळली. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आकाशातल्या अशा पुसट डागांची दखल फार जुनी आहे. इस्फहानचा ज्योतिर्विद अब्दुर्रहमान अल्-सूफी यानं इसवी सन 964 मध्ये ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात देवयानी तारकासमूहातल्या एका डागाची नोंद ‘छोटा ढग’ अशी आहे. अरबीत ढगाला सहाब म्हणतात, त्यावरून उर्दूत अशा डागाला सहाबिया म्हणू लागले. आपण मराठीत तेजोमेघ म्हणतो, अभ्रिकाही म्हणतो. म्हणजे तिन्ही भाषांना तिथं ढगच दिसला. पुढं कळलं, की सूफीचा तो डाग ढग नसून लाखो प्रकाशवर्षं दूरची एक अख्खी दीर्घिका आहे. मृगातला मात्र खरोखरच ढग निघाला.

हे ठरलं कसं? एकोणिसाव्या शतकात वाद होता, की हे डाग म्हणजे दूर असल्यामुळे एकमेकांत मिसळून दिसणारे ताऱ्यांचे थवे, की खरोखरचा वायू? लंडनच्या टल्स हिल या उपनगरात विल्यम हगिन्स नावाचे गृहस्थ राहत. घरचा कापडाचा धंदा विकून त्यांनी घरालगत स्वतःची वेधशाळा बांधली होती. 29 ऑगस्ट 1864 च्या रात्री त्यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. तारा असता तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसला असता. तिथं दिसल्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा. असा प्रकाश विरळ तापलेला वायूच देतो. वाद एका रात्रीत निम्मा मिटला. पण त्यातली सर्वांत ठळक हिरवट रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. शेवटी तिच्यासाठी ‘नेब्युलियम’ असं एका अज्ञात मूलद्रव्याचं नाव कल्पिलं गेलं.

आता फोटोची गोष्ट. जुन्या काळच्या काचेच्या ओल्या पट्ट्या काही मिनिटांत वाळून जायच्या, त्यामुळे अंधूक वस्तूंचे फोटो अशक्यच होते. जिलेटिनच्या कोरड्या पट्ट्या आल्या आणि वाट मोकळी झाली. हेन्री ड्रेपर हे न्यूयॉर्कचे वैद्यक शिकलेले गृहस्थ. हडसन नदीकाठी वडिलांच्या वाडीत त्यांची वेधशाळा होती. तिथून 30 सप्टेंबर 1880 रोजी त्यांनी मृगातल्या तेजोमेघाकडे अकरा इंची दुर्बीण रोखली आणि पट्टी 51 मिनिटं उघडी ठेवली. कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. दोनच वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी ते वारले. मग 30 जानेवारी 1883 ला लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी घराच्या बागेतून छत्तीस इंची आरशाच्या दुर्बिणीनं त्याच मेघाचा फोटो घेतला. कॉमन हे पेशानं गटारं आणि सांडपाण्याचे अभियंते. त्यांच्या फोटोत असे तारे उमटले, की जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. माणसाच्या डोळ्याला न दिसणारं काही काचेला दिसलं, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. 1884 साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

हे वाचून मला गंमत वाटली. कापडाचा धंदा विकलेला माणूस, वैद्यक शिकलेला माणूस आणि सांडपाण्याचा अभियंता. तिघंही आपापल्या घराच्या आवारातून आकाश पाहत होते. म्हणजे धुण्याच्या दगडाशेजारी तिपाई लावणारा माझा भाचा काही जगावेगळं करत नव्हता.

पण त्याचा प्रश्न ‘आपल्याकडे’ असा होता. त्याचं उत्तर पुण्यात सापडलं.

कावसजी दादाभाई नायगमवाला हे 1857 साली जन्मलेले पारशी गृहस्थ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथंच शिकवू लागले. 1882 साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली आणि वर्णपट अभ्यासण्याच्या साधनांची सोय झाली. नायगमवाला पुढं इंग्लंडला जाऊन तिथल्या तज्ज्ञांशी बोलून आले, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये रुजू झाले आणि 1888 साली तिथं महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. ते कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. या वेधशाळेची वीस इंची परावर्ती दुर्बीण त्यानंतर कित्येक वर्षं भारतातली सर्वांत मोठी दुर्बीण होती.

त्या सुमारास इंग्लंडमध्ये त्या हिरवट रेषेवरून जोराचं भांडण चाललं होतं. नॉर्मन लॉकयर हे मोठं प्रस्थ. सूर्यावरच्या हेलियमशी त्यांचं नाव जोडलेलं, ‘नेचर’ हे साप्ताहिक त्यांनीच सुरू केलेलं. त्यांचं म्हणणं असं, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आहेत आणि ती रेषा म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्टीची उरलेली कडा. हगिन्स यांना ते मान्य नव्हतं. आता मॅग्नेशियमची ती पट्टी एका बाजूनं रेखीव आणि दुसऱ्या बाजूनं विरत जाणारी असते. तेव्हा प्रश्न साधा होता. मेघाची रेषा दोन्ही बाजूंनी धारदार आहे, की एका बाजूनं विरते?

पुण्यात बसून नायगमवाला यांनी मृगातल्या मेघाचा वर्णपट पुन्हा पुन्हा तपासला. त्यांना रेषा धारदार दिसली. तसं त्यांनी लिहिलं आणि 1891 साली ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. विचार करा, वसाहतीतल्या एका कॉलेजातला अध्यापक, समोर लॉकयर यांच्यासारखा माणूस. जे दिसलं ते लिहायचं, एवढंच त्याच्या हातात होतं आणि त्यानं ते केलं. लॉकयर यांचा अंदाज पुढं टिकला नाही. 1927 साली कॅलिफोर्नियात आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं. नेब्युलियम नावाचं मूलद्रव्यच नव्हतं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ अवस्थेत तो हिरवा प्रकाश देतो. आपण श्वासात घेतो तोच ऑक्सिजन. फक्त तिथं तो इतका विरळ असतो, की तशी स्थिती त्या काळी कुठल्या प्रयोगशाळेत आणता येत नव्हती.

नायगमवाला यांनी 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहणही सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ देऊन टिपलं. त्याचा अहवाल छापला. आणि मग 1912 साली ते निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त झाली. तिला टाळं लागलं, उपकरणं कोडाईकनालला गेली. पुढं पुण्यात हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली ती 1944 साली. मधली बत्तीस वर्षं गेली.

इथं मी जरा थांबलो. महाराजांचे पाच हजार, सरकारचे पाच हजार आणि एकटा जिद्दी माणूस. माणूस उठला आणि सगळं उठलं. असं का व्हावं? तेव्हा मला आमच्या खानदेशातलाच एक दगड आठवला.

चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कुशीत पाटण आहे, पाटणादेवीचं पाटण. कॉलेजात असताना आम्ही तिथं सहलीला गेलो होतो. देऊळ पाहिलं, धबधबा पाहिला, डबे खाल्ले आणि परत आलो. इथल्या शिलालेखाबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. हा लेख डॉ. भाऊ दाजी यांनी 1865 च्या सुमारास विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचं गाव नेमकं कोणतं यावर वाद आहेत, पण या लेखाबद्दल वाद नाही. भास्कराचार्य 1114 साली जन्मले, छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे 1150 साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या तिथल्या मांडलिकांनी त्या मठाला दान दिलं. शके 1128, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा दिवस. आपल्या कालगणनेनं 9 ऑगस्ट 1207.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा हिशेब येतो तेव्हा भाषा मराठी होते. देवाधर्माचं संस्कृतात सांगितलं तरी चालतं. हिशेब मात्र बाजाराला कळला पाहिजे ना! त्या मराठीत म्हटलं आहे, की पाटणच्या पेठेत जो माल येईल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला. आणि गावात जितके तेलाचे घाणे असतील, त्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल मठाला.

पळीभर तेल! त्यानं कुठला तेली गरीब झाला नसेल. त्या तेल्याला गणितातलं काही कळत असेल असंही नाही. पण आकाशाचं गणित शिकणाऱ्या पोरांच्या मठात त्याचाही वाटा होता. आज तो मठ उरलेला नाही, पेठही नाही, जंगल आहे. म्हणजे कायम टिकण्याची हमी त्या व्यवस्थेलाही नव्हती. तरी एका माणसाच्या नोकरीवर उभं असलेलं काम आणि घाण्या-घाण्यामागे वाटलेलं काम, यातला फरक मला तो हिशेब वाचताना कळला.

आता आकाश पाहणाऱ्याला तेल नको आहे. त्याला अंधार हवा आहे. आणि अंधार असा आहे, की तो एका महाराजाला देता येत नाही. तो प्रत्येक घरानं थोडा थोडा द्यावा लागतो. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनानं आपल्याला नको इतका अंधार दिला. आपण घामाघूम होऊन गच्चीवर पडायचो, शिव्या द्यायचो आणि वर आकाशगंगा दिसायची. तो लादलेला अंधार कुणाला परत नको. मलाही नको. पण दिवा कुठं उजेड पाडतो, हे आपल्या हातात आहे. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, भारतातली पहिली. तिथल्या लोकांनी दिवे विझवले नाहीत; त्यांची तोंडं खाली वळवली.

हे वाचल्यावर मी रविवारी पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घरात होता. त्यानं तो कापून दिव्याला छानशी टोपी करून दिली, आतून पांढरा रंग दिला. मी मावशींना म्हणालो, ‘‘दिवा बंद करू नका. फक्त ही टोपी घालून बघू.’’ त्या साशंक होत्या. पण टोपी घातल्यावर सगळा उजेड दारावर आणि फाटकावर पडायला लागला, आधीपेक्षा जास्त. वर जाणारा उजेड खाली आला होता, एवढंच. मावशींच्या खोलीच्या खिडकीत येणारी तिरीपही गेली. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं, ‘‘झोप बरी लागते आता.’’

जानेवारीत अमावास्येच्या आसपास भाचा पुन्हा आला. या वेळी त्याच्या कॅमेऱ्यापुढे एक फिल्टर होता. हा फिल्टर दोनच रंगांना वाट देतो, हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवा. रस्त्यावरच्या दिव्यांचा बराचसा उजेड बाहेरच राहतो. मी विचारलं, ‘‘हिरवा कोणता?’’ तो म्हणाला, ‘‘पाचशे पूर्णांक सात दशांश नॅनोमीटर.’’ म्हणजे तीच रेषा. हगिन्सला दिसलेली, लॉकयरनं चुकीची लावलेली, नायगमवालांनी पुण्यातून धारदार आहे म्हणून सांगितलेली. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती आमच्या कढीपत्त्याच्या झाडाशेजारी एका काचेतून आत येत होती. जो प्रकाश आत येत होता, तो त्या मेघातून निघाला त्याला सुमारे तेराशे वर्षं झाली. तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

तीस-तीस सेकंदांचे एकशे वीस फोटो. एकूण एक तास. ड्रेपर यांच्यापेक्षा नऊ मिनिटं जास्त. एकेका फोटोत फारसं काही दिसत नाही. सगळे एकावर एक रचले, की कॅमेऱ्याचा गोंधळ एकमेकांत विरतो आणि जे खरंच आकाशात आहे तेच दाट होत जातं.

सुरुवात करण्याआधी भिंतीपलीकडून आवाज आला. मावशी आणि त्यांची नात. ‘‘भाऊ, कुठं आहे म्हणता तुमचा तो ढग?’’ मी बोट दाखवलं. मावशींनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं बाई, हे तर तिकांडं! आमच्या शेतावर हरभऱ्याला पाणी द्यायला वडील यावरच उठायचे.’’ नातीनं विचारलं, ‘‘आजी, तू कधी दाखवलं नाहीस?’’

मावशी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘‘तुमचं किती वेळ चालतं?’’ भाचा म्हणाला, ‘‘एक तास.’’

‘‘मग तासाभरानं हाक मारा,’’ असं म्हणून त्यांनी दिवा बंद केला आणि दाराशी खुर्ची टाकून नातीला मांडीवर घेऊन बसल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)